गाडीच्या पोटातले पाट

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. आमच्या घरात आठवड्याचे खरे वार हे तीनच. या तिन्ही दिवशी सकाळी सात वाजता मी आमच्या ह्यांना गाडीच्या मागच्या सीटवर बसवते, पायाशी चादर आणि मोजून भरलेली पाण्याची छोटी बाटली ठेवते, आणि नागावातून अलिबागला डायलिसिसला घेऊन जाते. चार तास ते यंत्राला लागलेले असतात. येताना त्यांना बसवत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून मागच्या सीटवर आडवे होऊन येतात. अगदी सुरुवातीला एकदा रिक्षाने आणलं होतं. खाडीच्या पुलाच्या अलीकडे ते माझ्या अंगावर असे कोसळले की रिक्षावाल्याने घाबरून रिक्षा बंदच केली. त्या दिवशी मी ठरवलं, आपली गाडी आहे तोवर रिक्षा नाही.

आता ही गाडी आपली कशी झाली, तेही सांगते. हे पंचवीस वर्षं किहीमला एका मुंबईकरांचा बंगला सांभाळत होते. बाग, पंप, कुलपं, सगळं ह्यांच्याकडे. साहेबांनी बंगला विकला तेव्हा जाताना आपली जुनी गाडी ह्यांना देऊन गेले. ऑटोमॅटिक गाडी. क्लचचं पेडल नाही, गिअर आपले आपण बदलतात. ह्यांना ती कधी आवडली नाही. गाडी चालवतोय की झोपाळ्यावर बसलोय तेच कळत नाही, म्हणायचे. मग ह्यांच्या किडन्या गेल्या, हात थरथरायला लागले, आणि गाडी अंगणात पत्र्याखाली बसून राहिली. माझा डावा गुडघा नीट वाकत नाही. क्लच दाबायची गाडी मला या जन्मात जमली नसती. पण ही एका पायाने चालते म्हटल्यावर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. हे शेजारच्या सीटवर बसून "अगं ब्रेक, अगं ब्रेक" करायचे आणि मी वाडीतल्या वाटेवर पुढे-मागे करायचे. एक कुंपण आणि सुपारीची दोन रोपं, एवढ्यात शिक्षण झालं. लायसन्स रीतसर काढलंय बरं का.

तर गेला पावसाळा संपला आणि ही गाडी पुलावर दगा द्यायला लागली. पुलाचा चढ तो केवढासा, सायकलवाले बोलत बोलत चढतात. पण चढावर गिअर बदलायची वेळ आली की इंजिन ओरडायचं आणि गाडीचा जोर मात्र जायचा. विहिरीवरचा दोर तुटल्यावर रहाट नुसता गरगरतो ना, तसं. दोन-तीन श्वास तसे जायचे, मग एकदम काहीतरी धरायचं आणि गाडी निघायची. ते दोन-तीन श्वास मी कसे काढायचे ते माझं मला ठाऊक. शनिवारी तर पर्यटकांच्या मोठाल्या गाड्या मागे लागलेल्या असतात, त्यांना समुद्र पळून जाईल अशी घाई. सगळे मिळून हॉर्न वाजवायचे. मागच्या सीटवरून हे विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायचे, काही नाही, पुढे म्हैस आहे. एवढ्या म्हशी त्या पुलावर कधीच नव्हत्या.

मुलाला फोनवर सांगितलं. तो पनवेलला असतो. तो चांगला आहे, आणि तो बरोबर बोलतो, हीच माझी पंचाईत. म्हणाला, "आई, गिअरबॉक्स गेला की गाडी गेली असं समज. तिला सोड आणि दोघं इकडे या. डायलिसिस आमच्या बिल्डिंगसमोर होतं."

हे ओटीवरच्या खाटेवर पडून ऐकत होते. फोन ठेवल्यावर उठले, आणि सुपारीच्या एकेका झाडाला हात लावत विहिरीपर्यंत जाऊन आले. रोज सकाळी ते एवढंच चालतात. ती झाडं त्यांनी स्वतः लावलेली. पनवेलला तिसऱ्या मजल्यावर ते कशाला हात लावत चालणार, हा माझा प्रश्न होता. एकदाच बोलले होते ते, मागे कधीतरी: तिकडे गेलो तर मी परत यायचा नाही. तेव्हा मी विषय बदलला होता. पण आता सगळं त्या गाडीवर येऊन बसलं. गाडी चालली तर आम्ही नागावात. नाही चालली तर पनवेलला.

रेवदंड्याकडचा एक मेकॅनिक आहे, मी त्याला भाई म्हणते. बरीच वर्षं आखातात होता. तिथे दुसरं काही केलं नाही, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचे आणि लावायचे. आईचं वय झालं म्हणून परत आला. त्याला बोलावलं. त्याने तेलाची पट्टी बाहेर काढली, बोटावर तेल घेतलं, हुंगलं, आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं. करपट वास येत होता, दूध भांड्याच्या तळाला लागायला लागतं तसा.

"करपलंय, जळलेलं न्हाय," तो म्हणाला. "आतले गिअर धरणारे क्लच अजून जिवंत हायत. असंच चालवलंत तर दोन-तीन महिन्यांत जातील."

मग त्याने मला समजावलं. मी विचारत गेले म्हणून, नाहीतर बायकांना कोण सांगतंय. या गाडीत कुठला गिअर कधी पडायचा ते तेल ठरवतं. गिअरबॉक्सच्या पोटात एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात त्याला. त्याच्यात वाटाच वाटा कोरलेल्या. त्या वाटांमधून तेल धावतं, आणि पेन्सिलीच्या तुकड्यांएवढे पोलादी व्हॉल्व्ह मागे-पुढे सरकून एक वाट बंद करतात, दुसरी उघडतात. स्प्रिंगा जुन्या झाल्या की तेल जोराने पोचत नाही, झिरपत पोचतं. मग क्लच घट्ट धरत नाही, घसरतो, आणि घसरून करपतो.

मी म्हटलं, म्हणजे आमचं शिंपणं की हो. वाडीत आम्ही विहिरीचं पाणी पाटाने सोडतो. या झाडाच्या आळ्यात पाणी भरलं की फावड्याने तिथली माती लावायची आणि पुढच्या झाडाकडचा पाट फोडायचा. पाट अरुंद झाला, कचरा अडकला, की शेवटच्या झाडापर्यंत पाणी रडतरखडत जातं. तो हसला. "काकी, हे आखातातल्या आमच्या उस्तादाला सांगायला पायजे होतं. तो नकाशे काढून काढून मेला."

त्यावर उपाय म्हणजे शिफ्ट किट. त्याच्या मेव्हण्याने आखातातून आणून दिलं. एवढंसं खोकं, त्यात कडक स्प्रिंगा, पोलादी गोळ्या, कागदी गॅस्केटं आणि एक बारीक ड्रिल. ड्रिल कशाला, तर व्हॉल्व्ह बॉडीच्या दोन भागांमध्ये एक पत्रा असतो, त्याची ठरावीक भोकं थोडी मोठी करायची, म्हणजे तेल भसकन जाईल. किती मोठी? तर नखाच्या कडेएवढी. जास्त झाली तर? तो म्हणाला, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. मग पत्रा नवा आणायचा, आणि तो इथे मिळत नाही. हे ऐकल्यापासून माझ्या जेवणाची चव गेली.

शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ म्हणाली, "म्हातारपणी ड्रायव्हर झालात, आता इंजिनिअर पण होणार काय?" मी म्हटलं, तू पुलावर मागून ढकलायला येणार असशील तर नाही होत. पण रात्रभर तिचंच वाक्य डोक्यात. उघडून ठेवली आणि लागलीच नाही तर?

दिवस ठरला शुक्रवारचा. शनिवारी दुपारी भाईला भाचीच्या लग्नाला श्रीवर्धनला जायचं होतं, तो पुढे आठवडाभर मिळणार नव्हता. आणि शनिवारी सकाळी आमचा वार. म्हणजे शुक्रवारी उघडायचं आणि शुक्रवारीच लावायचं. मधे जागा नाही.

तो आठ वाजता आला. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, खाली पोतं अंथरून आत शिरला. जुनं तेल टमरेलात काळं काळं आलं. मग ती व्हॉल्व्ह बॉडी बाहेर आली आणि त्याने ती ओटीच्या कडेला ठेवून उघडली. मी बघतच राहिले. वाळवीने खाल्लेली फळी असते ना, आत नुसत्या नागमोडी वाटा, तसं दिसत होतं. त्याने एकेक व्हॉल्व्ह काढला, पेट्रोलमध्ये धुतला आणि माझ्याकडून मागून घेतलेल्या परातीत ओळीने मांडला. ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने. मग पत्रा लाकडावर धरून ड्रिल लावलं. तो श्वास रोखून भोक मोठं करत होता आणि मी दाराच्या चौकटीला धरून माझाही रोखला होता. तीन भोकं. प्रत्येकाच्या नंतर तो पत्रा उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघायचा.

साडेबाराला तो जुम्म्याच्या नमाजला निघाला. जाताना एवढंच सांगितलं, परातीजवळ बसा, कावळा किंवा मांजर येऊ देऊ नका, चकचकीत वस्तू आहे. मी काठी घेऊन बसले. हे आत खाटेवर पडले होते.

आता माझी चूक. ती मी टाळत टाळत इथवर आणली.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला. आमच्याकडे हा वारा सुटला की तोंडाला खारट लागतं. आमच्या गावात लोखंड उघडं ठेवत नाहीत. कोयता, भाजी चिरायची आडोळी, कुदळ, अगदी दाराची कडी, काही धुतलं की लगेच खोबरेलाच्या फडक्याने पुसायचं. सासूबाईंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं काम हेच. न पुसता ठेवलात तर संध्याकाळपर्यंत तांबूस होतं. आणि इथे ते व्हॉल्व्ह, आरशासारखे, धुऊन उघड्यावर पडलेले. पेट्रोल उडून गेलेलं. मला राहवेना. मला वाटलं, बिचारा नमाजच्या घाईत पुसायचं विसरला. मी स्वयंपाकघरातून फडकं आणलं. माझ्या जुन्या निळ्या सुती साडीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. खोबरेलाचे दोन थेंब घेतले आणि एकेक व्हॉल्व्ह उचलून, पुसून, होता तिथेच ठेवला. क्रम अजिबात चुकवला नाही. देवघरातली भांडी पुसावीत तसे पुसले. तीन जरा डागाळल्यासारखे वाटले, ते दोनदा. आणि मग इतकं समाधान वाटलं, की सकाळपासून पहिल्यांदा मी पाणी प्यायले.

तो आला, हात धुतले आणि कामाला बसला. प्रत्येक व्हॉल्व्ह नव्या तेलात बुडवायचा आणि जागेवर सरकवायचा. नवं तेल कोकमाच्या आगळासारखं लाल. त्यामुळे माझं खोबरेल काही त्याच्या लक्षात आलं नाही. नमाज पढून आला होता, मन हलकं होतं, गप्पा मारत होता. आखातातल्या त्याच्या गॅरेजातली गोष्ट सांगायला लागला. तिथे एका नव्या माणसाने व्हॉल्व्ह सुती फडक्याने पुसले होते. फडक्याचा एक धागा, केसाएवढा, एका व्हॉल्व्हला चिकटून आत गेला. गाडी भर उन्हात वाळवंटातल्या रस्त्यावर एकाच गिअरमध्ये अडकली. घरातली बाईमाणसं, लहान मुलं गाडीत. तेव्हापासून उस्तादाने गॅरेजात फडकं आणायलाच बंदी केली. धुवायचं आणि हवेने वाळवायचं, बस.

फडकं तेव्हा माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

मी उठले, आत गेले आणि ते पिठाच्या डब्यामागे सारलं. का, ते मला विचारू नका. साठी उलटलेली बाई मी, शाळेतल्या मुलीसारखं लपवलं. चुलीपुढे उभी राहिले. बाहेर जाऊन सांगायचं होतं, भाई, थांबा. पण सांगितलं की तो सगळं परत काढणार, परत धुणार. आज पुरं होणार नाही. उद्या आमचा वार, दुपारी त्याचं लग्नघर. मग रिक्षा. मग एखाद वेळी हे परत कोसळतील, मुलगा येईल, आणि बांधाबांध सुरू होईल. हे सगळं एका फडक्यावरून. मनाशी म्हटलं, सगळ्यांच फडक्यांचा धागा निघतो थोडाच. माझं मऊ आहे. जुनं आहे. मग आठवलं, जुन्याचाच निघतो.

मी चहा करून दिला आणि गप्प बसले. बाहेरून त्याच्या पान्याचा आवाज येत होता. तो पाना बोल्ट हवा तेवढा आवळला की टिक् करतो. टिक्. थोड्या वेळाने परत टिक्. प्रत्येक टिक् बरोबर मला वाटायचं, अजून सांगता येईल. आणि मी सांगत नव्हते. शेवटी नरसाळ्याने तेल ओतल्याचा आवाज आला.

चार वाजता गाडी सुरू झाली. अंगणात पुढे घेतली, मागे घेतली. नीट चालली. भाईचा चेहरा खुलला. "चला काकी, पुलापर्यंत. तुम्हीच चालवा. गाडीला तुमचा पाय माहीत हाय."

मी चप्पल न घालताच बसले, मग परत उतरून घातली. फाट्यापर्यंत वस्तीचा रस्ता, हळू. तिथून वेग घेतला आणि दुसरा गिअर पडला, तो असा धप्पकन की पाठीत कोणी थाप मारावी. भाई म्हणाला, "बघा. आता घसरणार न्हाय, धरणार." खरंच आनंद झाला मला. देवाने माझं फडकं पोटात घातलं, असं वाटलं.

पण तिसरा काही पडेना. मी पाय थोडा उचलला, परत दिला. इंजिन दुसऱ्यातच किंचाळत राहिलं. पुलाचा चढ आला, उतार आला, तरी दुसराच. भाई मान तिरपी करून ऐकत होता. पूल उतरल्यावर त्याने बाजूला घ्यायला सांगितलं. खाली भरती होती, पाणी खांबांना लागत होतं. तो समोर काचेतून बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "माझंच चुकलं काकी. तिसऱ्याचं भोक जास्त झालं. मघाशीच मला शंका आलेली. वय झालं, डोळे पहिल्यासारखे न्हाय राहिले."

 तो पुढे म्हणाला की मेव्हण्याला सांगून नवा पत्रा मागवतो, दीड-दोन महिने लागतील, तोवर गाडी सावकाश दुसऱ्यात चालवा. काका-काकींचं काम आपल्या हातून बिघडलं याचं त्याला किती लागलं होतं, ते त्याच्या हातांवरून दिसत होतं. तेच हात उलटेसुलटे करून बघत होता.

हे मला सोसवलं नाही. घाबरून गप्प बसणं वेगळं, पण माझ्या चुकीचा ठपका दुसऱ्याने आपणहून अंगावर घ्यावा आणि मी स्टिअरिंग धरून ऐकावं, हे कसं चालेल?

"भाई, भोक नाही," मी म्हटलं. "तुम्ही नमाजला गेलात तेव्हा मी ते सगळे पुसले. फडक्याने. खोबरेल लावून."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावेल असं वाटलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"खोबरेल?"

"दोन थेंब."

"सगळे?"

"सगळे. तीन दोनदा पुसले."

 मागून एक डंपर गेला, गाडी हलली. मग त्याने इतका मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ आली. "म्हणजे भोक बरोबर हाय," म्हणाला. आणि मग जरा वेळाने, "काकी, हे तुम्ही मला चहासोबत दिलं असतंत तर."

मला रडूही येत होतं आणि त्याचा चेहरा बघून बरंही वाटत होतं. माझ्या पापाने माणूस सुटला होता. असं कधी ऐकलं नव्हतं मी.

घरी आलो. सूर्य बुडायला तासभर होता. तेवढ्यात त्याने तेल स्वच्छ डब्यात उतरवलं, व्हॉल्व्ह बॉडी खाली काढली आणि परातीत झाकून ठेवली. म्हणाला, पहाटेची फजरची नमाज झाली की येतो, लग्न मला सोडून थोडंच लावणार आहेत. जाताना दोन पावलं गेला आणि परत वळला. "झाकण उचलायचं न्हाय." मी दोन्ही हात जोडले.

डायलिसिसच्या सिस्टरना फोन करून सांगितलं, उद्या थोडा उशीर होईल. त्या म्हणाल्या, दहापर्यंत आलात तरच जागा, नाहीतर सोमवार. सोमवारपर्यंत ह्यांच्या पायाची सूज कुठवर चढेल ते मी बघितलेलं आहे. मी मुलाला काही कळवलं नाही.

सकाळी भाई आला तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. त्याने एकेक व्हॉल्व्ह परत पेट्रोलमध्ये धुतला आणि सायकलच्या पंपाने हवा मारून वाळवला. पंप मी मारत होते, एवढी शिक्षा मी मागून घेतली. चौथा का पाचवा व्हॉल्व्ह हातात घेऊन तो थांबला. नखाने त्याच्या खोबणीतून काहीतरी उचललं आणि मला दाखवलं. निळा धागा. पापणीच्या केसाएवढा. ती साडी मी ह्यांच्याबरोबर किहीमला पहिल्यांदा बंगला बघायला गेले तेव्हा नेसले होते. हे मी त्याला सांगितलं नाही, आता कशाला.

नऊला पाच कमी असताना शेवटचा टिक् झाला. तेल ओतलं, गाडी सुरू केली, तो अंगणातच अर्धा तास ती तापवत, गिअर टाकत, ऐकत बसला असता, पण वेळच नव्हता. म्हणाला, पुलावर आणि पुढेही मी मागून बाईकवर आहे. लग्नाचे कपडे पिशवीत होते त्याच्या.

ह्यांना बसवलं आणि निघाले. शनिवार. समोरून गाड्यांची माळ येत होती, आमच्या बाजूलाही कमी नव्हत्या. वेग येईना, त्यामुळे तिसरा पडतो की नाही तेच कळेना. पुलाच्या चढावर नेमकी पुढची गाडी थांबली. मीही थांबले. मागे मोठी काळी गाडी अगदी पाठीला लागून.  "म्हैस का?" ह्यांनी मागून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "गाडी उघडली होती ना काल. मी व्हॉल्व्ह फडक्याने पुसले, म्हणून बिघडली होती. आज परत लावलीये. चालेल की नाही, मला माहीत नाही."

"बघितलं मी," ते म्हणाले. "खिडकीतून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"खारा वारा सुटला होता. मी असतो तर मीही पुसलं असतं. उलट मनात म्हटलं, ही विसरली नाही."

पुढची गाडी हलली. मी ब्रेक सोडला. गाडी मागे सरकली नाही. मी पाय दिला आणि ती धरून निघाली, जोर कुठेही सुटला नाही. माथ्यावर दुसरा पडला, धप्पकन. उताराला रस्ता मोकळा झाला. मी पाय थोडा उचलला, परत दिला, आणि वाट बघितली. इंजिन ओरडत वर वर चाललं होतं, आणि मला वाटलं, झालं, पनवेल. तेवढ्यात पाठीत तिसऱ्या गिअरची थाप बसली आणि आवाज एकदम खाली आला.

"कोणी मागून ठोकलं काय?" हे म्हणाले.

आरशात भाई दिसत होता. त्याने बाईकवरून एक हात वर केला, आणि पुढच्या वळणाला मागे फिरला. लग्नाला.

आम्ही दहाला दहा मिनिटं असताना पोचलो. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या.

याला आता काही महिने झाले. गाडी चालते. अजूनही पूल आला की माझी नजर आरशातून ह्यांच्याकडे उगाच जाते, अजूनही मी गिअर मोजते, एक, दोन, तीन. तिसऱ्याची थाप बसेपर्यंत मी बोलत नाही, आणि मागे हेही बोलत नाहीत. ती बसली की दोघंही एकदम कशावर तरी बोलायला लागतो, भाजीवर, जावेवर, पाटात अडकलेल्या पाचोळ्यावर. मुलगा परवा विचारत होता, गाडीचं काय ठरवलंत. मी म्हटलं, मंगळवारी अलिबागला जायचं ठरवलंय.